खोलाईच्या अंगणातला तेरडा

अहो, जरा कडेने या! पाय जपून. खोलाईचं देऊळ बघायला येणारा जो तो इथेच अडखळतो. एवढं लख्ख झाडलेलं अंगण, आणि पायरीपाशी गुडघाभर तेरडा कसा माजू दिला, असं विचारतो. माजू दिलेला नाही, राखलेला आहे. त्याला कारण आवडी गुरवीण.

फार जुनी गोष्ट आहे म्हणे. आवडीचा नवरा ऐन तारुण्यात गेला, पदरी मूल नाही. देवळाची झाडलोट आणि देवीचं फूल ही सेवा गावाने तिच्याकडेच ठेवली, पण अंतोबा खोतांनी अट घातली. देवीचं फूल एक दिवसही चुकता कामा नये आणि अंगणात तणाची काडी दिसता कामा नये. चुकलीस तर सेवाही गेली आणि देवळामागची राहती खोपही.

मग काय, बाईच्या हातातलं खुरपं सुटेना. आपण लावलं ते झाड, आपोआप उगवलं ते तण, एवढंच तिला ठाऊक. तेरडा तर दर श्रावणात हजर. ती उपटून थकायची, तो उगवून थकायचा नाही. एकदा पायरीपाशी उरलेल्या शेवटच्या रोपाला तिने हात घातला, तर पिकलेली शेंग फटकन फुटली आणि बिया तिच्या गालावर उडाल्या. आवडी दचकली आणि खुदकन हसली. नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच.

"द्वाड मेलं! उद्या बघते तुझ्याकडे," म्हणाली आणि उठली.

त्याच संध्याकाळी वहाळाला लोंढा आला. वहाळाकाठची फुलबाग गेली, गावातली परसं पाण्याखाली गेली. सकाळी फूल उरलं होतं ते पायरीपाशी, त्या एका रोपावर. खुडावं तर अंगणात तण ठेवल्याची कबुली, न खुडावं तर देवीच्या फुलाचा खाडा. शेवटी "माझं काय व्हायचं ते होवो" म्हणत तिने फूल खुडलं.

अंतोबा खोत दारातच कडाडले, "तण वाहतेस देवीला?"

"फूल आहे, खोतबाबा."

"ते तू कोण ठरवणार? कौल लावू!"

कौल म्हणजे ओल्या पाकळ्या देवीच्या दोन्ही खांद्यांना चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. कौल लावायचा मान खोतांचा. त्यांनी सवयीने हात पुढे केला, "आण पाकळ्या."

आवडीने तेरड्याच्याच दोन पाकळ्या दिल्या. दुसऱ्या होत्या कुठे? खोतांनी त्या लावल्या आणि मग त्यांचा हात तसाच थबकला.

"बाबा," आवडी हळूच म्हणाली, "तण असतं तर तुम्ही आपल्या हाताने देवीच्या अंगाला लावलं असतं का?"

दिवेलागणीपर्यंत एकही पाकळी पडली नाही, असं सांगतात. खोत तोवर हात जोडून उभे होते. मग म्हणाले, "जा बाई, आपल्या खोपीत जा. आणि उद्याही हेच आण."

आजही श्रावणात बायका खुरपी घेऊन या अंगणात बसतात. गवताची एक काडी ठेवत नाहीत. पण खुरपं तेरड्यापाशी आलं की हात थांबतो, आणि जी ती त्याला दटावते, "उद्या बघते तुझ्याकडे." दुसऱ्या दिवशी येते, आणि पुन्हा तेच सांगते.