साळूचा खोकला

डोंगरावर अजून माणसाची पायवाट पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. आजारी जनावरांसाठी तिथे दोन गुहा होत्या. जो धडधाकट असताना गुहेत कंद पोचवी, त्याला आजारपणात तिथे जागा मिळे.

साळू नावाची म्हातारी साळिंदर आधी अस्वलिणीच्या गुहेत गेली. "तुला जुना खोकला आहे. कंद दुप्पट लागतील," अस्वलीण म्हणाली. साळूला राग आला. कोल्ह्याने मात्र तिला आपल्या गुहेतलं मऊ गवत दाखवलं आणि हळूच सांगितलं, "खोकल्याचं कुणापाशी बोलू नका, आजी." मग सगळ्यांसमोर खोकला दाबून ती त्याच्याकडे कंद पोचवू लागली.

थंडीत तिला श्वास पुरेना. ती कशीबशी गुहेपाशी आली.

"हे दुखणं जुनं आहे, आजी. तुम्ही लपवलंत," कोल्हा म्हणाला.

"तूच लपवायला सांगितलंस."

"ते कुणी ऐकलं?"

साळू मागे फिरली. तेवढ्यात एक म्हातारा ससा कंद घेऊन लंगडत वर आला.

"पायाचं कुणापाशी बोलू नका, आजोबा," कोल्हा हळूच म्हणाला.

सशाला सावध करायला साळूने तोंड उघडलं, पण खोकल्याने तिला बोलू दिलं नाही.