माणक्याचे आवतण

एका राज्यात बैलाला देवाचा मान होता. पण तो बैल धडधाकट असेतोवरच. म्हातारा बैल, आटलेली म्हैस, लंगडे गाढव यांना वेशीबाहेर हाकलून देत. पलीकडच्या रानात कालदंष्ट्र नावाचा मांत्रिक होता, तो त्यांना आपल्या कोंडवाड्यात भरी. पुढे त्यांचे काय होते, हे विचारायची तसदी कोणी शहाणा घेत नसे.

तिथला राजा वीरकेतू. पोळ्याच्या आदल्या सांजेला त्याने रीतीप्रमाणे आपल्या माणक्या बैलाचे खांदे लोणी-हळदीने मळले आणि कानात म्हटले, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." सकाळी प्रधान म्हणाला, "महाराज, माणक्या म्हातारा झाला. खांद्याला जखम आहे. मिरवणुकीची शोभा जाईल." राजाने मान डोलावली. माणक्या उपाशीपोटी वेशीबाहेर गेला.

दुपारी राजा पानावर बसला. पुरणपोळीचा घास ओठांना लागला आणि त्याची राख झाली. दुसरा घास, तीच गत. वैद्य आले, होमहवन झाले, राजा मात्र वाळत चालला. पाचव्या दिवशी त्याची लेक वेणुमती उशाशी रडत होती, तेव्हा खिडकीत गायबगळा येऊन बसला.

तो म्हणाला, "आवतण दिलेला पाहुणा दारातून हाकलला. तो जेवल्यावाचून राजाला अन्न नाही."

वेणुमतीने डोळे पुसले, वाटीभर लोणी-हळद घेतली आणि बगळ्यामागून चालू लागली.

कोंडवाड्यात शंभर जनावरे चिखलात उभी होती. वेणुमतीने माणक्याला परत मागितले. कालदंष्ट्र म्हणाला, "तीन कामे कर आणि बैल ने. पहिले, दिवसभर माझा घाणा ओढ."

तिने जू खांद्यावर घेतले. दिवस मावळला तेव्हा तिचा खांदा सोलून निघाला होता. माणक्याची जखम कशाची, ते तिला आता कोणी सांगायला नको होते.

"दुसरे. उद्या चारशे खुरांतले काटे काढ. एकही जनावर कण्हता कामा नये."

बगळ्याने साद घातली. आभाळ पांढरे झाले, हजार बगळे उतरले. ती खूर मांडीवर घेई, बगळे चोचीने काटा अलगद काढीत. कोणी कण्हले नाही.

"तिसरे. दोर नको, काठी नको. बैल आपल्या पायांनी चालला तर तुझा."

वेणुमतीने हात जोडले. "माणक्याबाबा, चला. माझे वडील मरणाला टेकले आहेत."

माणक्या मनुष्यवाणीने बोलला. "मी येईन, बाई. पण माझ्याबरोबर हे सारे उपाशी आहेत. यांना कोण बोलावते?"

वेणुमती लाजेने चूर झाली. वडिलांच्या काळजीत तिने बाकीच्यांकडे धड पाहिलेही नव्हते. तिने वाटी उचलली. बैल झाला, म्हैस झाली, गाढव झाले, प्रत्येकाचा खांदा मळून ती म्हणत गेली, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." शंभर खांदे झाले, तरी वाटीतले लोणी संपले नाही.

माणक्याने पाऊल उचलले. मागून सारा कोंडवाडा निघाला. कालदंष्ट्र ओरडला, "थांबा! टाकलेल्यांच्या जिवावरच मी जगतो!" शेवटचे गाढव लंगडत बाहेर पडले आणि मांत्रिकाच्या जागी मूठभर भुसा उरला. वाऱ्याने तोही नेला.

दुसऱ्या दिवशी राजवाड्याच्या चौकात शंभर पाने मांडली. राजाला दोघांनी धरून आणले. माणक्यापुढे तो गुडघ्यांवर बसला आणि पुरणपोळी पुढे केली. "मी बोलावले आणि मीच हाकलले. चुकलो. जेवा."

पोळी पोळीच राहिली. माणक्या जेवला, बाकीची सारी जेवली. मग लेकीने राजाला घास भरवला. तो गोड लागला, आणि राजा लहान मुलासारखा रडला.

त्याच चौकात राजाने गोठा बांधला. थकल्याभागल्या जनावराला वेशीबाहेर काढायची रीत त्या दिवसापासून मोडली. पण तशी दवंडी पिटण्याआधी एक गोष्ट घडली. माणक्याने आपली जड मान राजाच्या खांद्यावर टेकवली आणि डोळे मिटले. राजा अशक्त होता, भार मोठा होता. बैलाची झोप पुरी होईतो तो जागचा हलला नाही.

ऐकणाऱ्यांच्या घरी वैरण सरू नये, आणि दावणीचे कोणी उपाशी राहू नये.