ठकूचा हलका आरसा

एका खाडीकाठच्या गावात एक तांबटीण राहत होती. नाव ठकू. हात हातोडीचा आणि जीभही हातोडीचीच.

गावच्या टेकडीवर मोठा दिवा होता. त्याच्या मागे काशाचा जाडजूड आरसा. तिन्हीसांजेला दिवा लागला की आरसा उजेड खाडीच्या तोंडावर फेकी आणि होड्या त्या वाटेने घरी येत. पण वाळू काही कुणाची बांधील नसते. त्या पावसाळ्यात वाळूबरोबर खोल पाण्याची वाट सरकली, आरसा मात्र होता तिथेच राहिला. गडी लावले तरी हलेना. ठकूच्या धाकट्या भावाची, पदूची होडी वाळूवर आपटून फुटली. तो पोहून वाचला. पोट कुणासाठी थांबतं? उसनी होडी घेऊन तो पुन्हा समुद्रावर गेला.

ठकू गावच्या म्होरक्याकडे, धाकू नाखव्याकडे गेली. "मी हलका आरसा करते. वळवता येईल असा."

"आरसा जड आहे म्हणून तर वाऱ्यात टिकतो," नाखवा म्हणाला.

"टिकतो, पण भलत्याच जागी."

तिने तांब्याचा पातळ पत्रा परातीसारखा खोलगट ठोकला. पाठीला पट्ट्यांच्या फासळ्या जडवल्या. आतून कल्हई करून लख्ख घासला आणि काखेत मारून एकटीच टेकडीवर गेली.

माणसं हसली. "ठकू, पापड तळलास की भाजलास?" "वाऱ्याने उडाला तर कुणाच्या अंगणात शोधायचा गं?"

तिला झोंबलं. पत्रा जराही हलू नये म्हणून तिने तो जुन्या आरशापुढे लोखंडी कड्यात चहूबाजूंनी करकचून आवळला. आभाळ भरून अंधारलं होतं, तिने दिवा लावून पाहिला. उजेडाच्या चिंध्या झाल्या, एक इथे, एक तिथे.

"मागे जाड पत्रा घाल," नाखवा हळूच म्हणाला. "कुणाला कळायचं नाही. अब्रू राहील तुझी."

अब्रू राहिली असती. पण आरसा पुन्हा जड झाला असता, आणि पदू बाहेर समुद्रात होता. ठकू सगळ्यांदेखत म्हणाली, "पत्र्यात खोट नाही. तुमच्या हसण्याला भ्याले आणि मीच त्याचा गळा आवळला, म्हणून तो वाकला. चूक माझी. होड्या परतायच्या आत सुधारते."

तिने कडं काढून फेकलं. चुलीच्या तीन दगडांवर मडकं डगमगत नाही, आणि त्याला कुणी आवळतही नाही. तसाच तिने आरसा तीन मळसूत्री खिळ्यांच्या टोकांवर टेकवला. मागून चामड्याच्या वादीने बेताने ओढून धरला. खिळा पिळावा तेवढाच आरसा कलायचा आणि तिथेच थांबायचा.

संध्याकाळी वारा सुटला. होड्या दिसू लागल्या. ओहोटीला वाळूतल्या तिसऱ्या-शिंपल्या वेचणाऱ्या बायकांना नवी वाट पाठ होती. त्यांनी बोट दाखवलं, ठकूने खिळे पिळले. उजेड एकसंध झाला, सरकला आणि नेमका नव्या वाटेवर जाऊन बसला. वाऱ्याने किती धडका दिल्या, तो हलला नाही. सगळ्या होड्या आत आल्या. पहिली पदूची. खालून त्याने हाक दिली, "बाय, दिसली गं वाट. आता उजेड माझ्या डोळ्यांतून काढ."

धाकू नाखवा उजेड वळवायला पुढे झाला आणि सवयीने खिळ्यावर दोन्ही हातांनी जोर लावू लागला.

"दोन बोटांनी, नाखवा," ठकू म्हणाली. "रेडा नाही हाकायचा."

या खेपेला टेकडी हसली ती नाखव्याला.

तात्पर्य: लोकांच्या हसण्याला भिऊन आवळलेलं काम वाकतं; आणि जो आपली चूक चारचौघांत कबूल करतो, त्यालाच ती सुधारता येते.