लाल रेघ बुडाली त्या दिवशी

अरे ऐक ना, हातातलं ठेव आधी! इथे मामाच्या गावात आज काय झालं, ते ऐकच.

खाडीकाठी सात गावं आहेत. नारळी पौर्णिमेनंतरची पहिली मासळी विकून प्रत्येक गाव ठरलेली रक्कम एका सामायिक निधीत टाकतं. प्रत्येक जेट्टीच्या खांबावर एक लाल रेघ. वादळात पाणी रेघेपर्यंत चढलं की दुसऱ्याच दिवशी त्या गावाला पैसे. पंचनामा नाही, अर्ज नाही! सगळं डोकं इथल्या शाळेतल्या जुन्या मास्तरांचं, तांडेल गुरुजींचं; निधीही तेच सांभाळतात. पण चेकवर मामाच्या गावच्या सरपंचाचीही सही लागते. सरपंच नवीन आहे, हर्षाली, गुरुजींचीच विद्यार्थिनी.

काल वादळ झालं. इथे पाणी रेघेच्या वीतभर खाली थांबलं. पलीकडच्या गावात रेघ बुडाली. सकाळीच गुरुजी चेक घेऊन हजर!

हर्षाली भडकलीच. "गुरुजी, पाच वर्षं आपण नुसतं भरतोय. बर्फाच्या खोलीचं छप्पर गळतंय, लोक मला शिव्या घालतायत, आणि तुम्ही न बघता दुसऱ्यांना देताय? निदान नुकसान मोजू द्या!"

"किती दिवस लागतील?"

"पंधरा."

"आणि इंजिनात खारं पाणी शिरलं तर?"

कोळ्याची पोर ती, तिला ठाऊकच होतं. दोन दिवसांत खोलून धुतलं नाही तर इंजिन भंगारात.

गुरुजी म्हणाले, "पोरी, आज धुण्यापुरते पैसे दिले तरी पुरतील. पंधरा दिवसांनी नवं इंजिनच घ्यावं लागेल. सातही रेघा एकदम सहसा बुडत नाहीत, म्हणून एकट्याला न झेपणारं सातांना झेपतं. गरीब देशांच्या सरकारांनीही हेच करावं. पैसा कुठून येणार, कुणाला, कधी, हे आभाळ निरभ्र असतानाच ठरवावं. संकटात हात पसरला तर मदत मिळते, पण उशिरा."

"आणि आपलं छप्पर?"

"ते यंदा गळणारच."

खोटा धीर नाही दिला रे त्यांनी! हर्षालीनं खांबाकडे बघितलं, मग सही केली.

दुपारी मी पलीकडे जाऊन आलो. अकरा इंजिनं खोलून मांडलेली, डिझेलचा वास, आरडाओरडा. एक तर माझ्यासमोर फटफट करत सुरू झालं, आणि एक म्हातारी चक्क नाचली!

आता इथे हर्षालीच्या दारात गळक्या छपराचा जाब विचारायला लोक जमलेत. ती म्हणतेय, "बसा, सगळं सांगते."

तू तिच्या जागी असतास, तर केली असतीस सही?