अर्ध्या वाटेची माणसं

“अख्ख्या गावात एकालाही तुमचा मठ ठाऊक नसावा? एकालाही?”

पत्रानं कळवून आलेले प्राध्यापक सहस्रबुद्धे दारातूनच कडाडले. बूट अजून पायातच.

यादवबुवा ओसरीवर शेंगा सोलत बसले होते. शेजारी मी. बारा वर्षं बुवांच्या पायाशी आहे, पण त्यांच्याशी या आवाजात कुणी बोललेलं ऐकलं नव्हतं.

“या मास्तर. आधी पाणी घ्या.”

“पाणी नको. तीन तास झाले मला पैठणात उतरून. तीन तास! फोनमधला नकाशा तुमचा मठ गोदावरीच्या पात्रात दाखवतोय. रिक्षावाला म्हणाला, पुढं गल्ली अरुंद आहे, उतरा. मग पानवाल्याला विचारलं. तो दुकान तसंच उघडं टाकून माझ्याबरोबर निघाला. मला वाटलं, सुटलो. तर वडापाशी आला आणि म्हणतो, पुढचं मला माहीत नाही, यांना विचारा!”

“हं.”

“ते ‘यांना’ म्हणजे एक शिंपी. गळ्यात टेप घालून तोही निघाला, विहिरीपर्यंत. तिथं धुणं धुणाऱ्या एका बाईच्या हवाली केलं मला. बाईंनी एका म्हाताऱ्याच्या. तो तर काठी टेकत टेकत... पन्नास पावलांना पाव तास! अहो, माहीत नाही तर नाही म्हणा. बरोबर कशाला येता?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्या आळ्यांतली रीतच आहे ती. परक्या माणसाला नुसता हात दाखवून वाटेला लावत नाहीत. ठाऊक असेल तिथवर सोडतात. आणि हे गृहस्थ त्याच माणसांना नावं ठेवत होते.

मी बोलणार, तेवढ्यात बुवांनी डोळ्यांनीच मला गप्प केलं.

“त्या म्हाताऱ्याचं काय केलंत?”

“काय करणार? म्हटलं, आजोबा, तुम्ही परत जा, तुमच्यानं होणार नाही. तरी ऐकेना. या गल्लीच्या तोंडापर्यंत आला.”

“मग पोचलात की.”

“पोचलो, ते त्यांच्यामुळे नाही! त्यांनी एवढा घोळ घालूनसुद्धा पोचलो!”

बुवांनी एक शेंग फोडली. दाणे त्यांच्यापुढं केले. प्राध्यापकांनी हात मागं घेतला.

“काम काय काढलंत?”

प्राध्यापक ओसरीच्या कडेवर टेकले. आवाज एकदम उतरला.

“अनुग्रह हवाय. पस्तीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं. वैशाखात बायको गेली... तेव्हापासून स्वतःच्या पुस्तकातलं एकही वाक्य मला पटत नाही. रात्री नाही, दिवसा नाही, झोप म्हणून नाही. मुलानं सांगितलं, औषधं घ्या. मी म्हटलं, एकदा पैठणला जाऊन येतो. इथंही काही मिळालं नाही, तर मग मला कुठं जायचं ते ठाऊक नाही.”

मघाचा माझा राग थोडा खाली बसला.

“पण एक सांगून ठेवतो,” ते पुन्हा ताठ झाले. “अर्धवट माहिती असलेला गुरू मला नको. शेवटपर्यंतचं ज्याला ठाऊक आहे, तोच हवा. तुम्हाला आहे?”

“नाही.”

“...काय?”

“नाही ठाऊक.”

प्राध्यापक ताडकन उठले. चेहरा लालबुंद.

“मग हा मठ कशाला मांडलाय? ही माणसं का येतात तुमच्याकडं? मला वाटलंच होतं! तुम्हीही त्यातलेच. वडापर्यंत न्यायचं आणि हात वर करायचे! कुणी शेवटपर्यंत येत नाही... कुणीच येत नाही!”

शेवटच्या शब्दाला आवाज चिरकला.

मी उभाच राहिलो. म्हटलं, आता बुवा यांना बाहेरचा रस्ता दाखवणार. दाखवायलाच हवा होता! वयानं सत्तरीचे, आणि बोलणं हे असं.

बुवांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं.

“मास्तर... आमच्या वहिनी कुठपर्यंत आल्या होत्या?”

प्राध्यापकांनी दाराकडं टाकलेलं पाऊल मागं घेतलं.



“छत्तीस वर्षं,” ते म्हणाले. “छत्तीस वर्षं आणि चार महिने.”

“त्यांना पुढचं माहीत होतं?”

“...नाही.”

“मग कशाला आल्या बरोबर?”

प्राध्यापक मटकन खाली बसले. चष्मा काढला. मोठ्या माणसानं असं रडलेलं मला बघवत नाही, म्हणून मी भिंतीकडं पाहत राहिलो. मघाशी मनात दिलेल्या सगळ्या शिव्या मी मनातच परत घेतल्या.

बुवा खांबाला धरून उठले. दिवाळीपासून त्यांनी ओसरीची पायरी उतरली नव्हती, गुडघेच चालत नव्हते. मी धावलो, तर मला बाजूला केलं. एकेक पाय वहाणेत घातला. मग प्राध्यापकांपुढं हात धरला.

“चला.”

“कुठं?”

“मला माहीत आहे तिथपर्यंत.”

प्राध्यापकांनी तो हात दोन्ही हातांनी धरला. सुटू नये म्हणून धरावा, तसा.

“आणि तिथून पुढं?”

“तिथून तुम्हाला पुढच्याच्या हवाली करून मी परत फिरणार.”