उपरण्याखालचा हात

पूर्वी शूर्पारक बंदरात विजितसेन नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका दिवसव्यापाऱ्याच्या कुळात जन्मला. त्याचे नाव सोमक. दिवसव्यापारी म्हणजे सकाळी घेऊन सूर्यास्ताच्या आत विकणारे लोक. पहाटे डोंगर उतरून बैलांचे तांडे पिंपळीच्या गोण्या घेऊन येत. हे लोक त्या विकत घेत आणि दिवसभरात खाडीत लागलेल्या गलबतांना विकून मोकळे होत. माल साठवण्याचा हक्क फक्त कोठारवाल्यांना होता. दिवसव्यापाऱ्याच्या हाती सूर्यास्ताला माल उरला, तर तो 'ओलांडला' असे म्हणत. एका हंगामात ज्याचा माल तीनदा ओलांडे त्याचा बाजारातला ओटा जाई, आणि गेलेला ओटा परत मिळत नसे.

भाव बोलून ठरत नसे. घेणारा आणि देणारा एका उपरण्याखाली हात घालत आणि बोटे दाबून एकमेकांना भाव कळवत. वरून पाहणाऱ्याला हलणाऱ्या कापडाशिवाय काही दिसत नसे. उपरण्याखाली काय भाव झाला हे उघड करण्याचा अधिकार फक्त विकणाऱ्याचा असे.

दिवस मावळला की सगळे वडाच्या पारावर जमत. बाजाराचा प्रमुख वसुभूती एकेकाला दिवसाची कमाई विचारी. ज्याची सर्वांत जास्त, त्याला दुसऱ्या दिवशी 'पहिला हात' मिळे, म्हणजे तांड्यातला माल आधी निवडायची मुभा. बोधिसत्त्वाची पाळी आली की तो कमाई सांगे, आणि पुढे एक वाक्य जोडी: "आज ठरवल्याप्रमाणे वागलो." क्वचित सांगे, "आज ठरवल्याविरुद्ध वागलो." कधी कमाई भरपूर असून तो विरुद्ध वागलो म्हणे, कधी तोटा होऊनही ठरवल्याप्रमाणे. वसुभूती हसून म्हणे, "सोमका, तुझी बायको रोज चुलीवर वागणूकच शिजवते की काय?" पार खदखदून हसे. बोधिसत्त्वही हसे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच सांगे.

त्या पारावर एकच बाई बसे. तिचे नाव इसिला. तिचा बाप भूतपाल तीस वर्षे बाजारात नावाजलेला होता, पण दोन वर्षांपूर्वी त्याच्या उजव्या हातावरून वारे गेले आणि बोटे निकामी झाली. बोटांवाचून या बाजारात माणूस मुका. म्हणून त्याच्या जागी इसिला उपरण्याखाली हात घाली. ओटा बापाच्या नावाचा, बुद्धी बापाची, आणि हात तेवढा तिचा, असे लोक समजत. बापही तसेच समजे, आणि नेमके तेच तिला सोसत नसे.

भूतपालाची सारी विद्या तीन शब्दांत होती: दुपार होऊ दे. थंडीच्या हंगामात दुपारच्या भरतीला गलबते आत येतात, गिऱ्हाईक वाढते, भाव चढतो. म्हणून सकाळी घ्यावे आणि दुपारपर्यंत दम धरावा. तीस वर्षे हे खरे होते. या हंगामात मात्र ते खरे ठरेना. खाडीच्या तोंडाशी गाळ साचला होता. मोठी गलबते सकाळच्या मोठ्या भरतीला येऊन लगेच परत फिरत आणि दुपारी घाट ओस पडे. इसिलेला हे पंधरा दिवसांत दिसले. ती बापाला सांगे, तेव्हा तो म्हणे, "गाळ काय, माझ्या वडलांच्या वेळीही होता. तुझ्या अंगात दम नाही, हा खरा गाळ." ती दात खाऊन ओट्याच्या कडेवर टाच आपटत राही, आणि डोळ्यांदेखत भाव उतरे. एका संध्याकाळी असाच माल ओलांडला.

दुसऱ्यांदा ओलांडला तो मात्र बापामुळे नव्हे. तोटा होत होता, तो त्याच दिवशी भरून काढायचा म्हणून तिने पडत्या भावात आणखी गोण्या घेतल्या. भाव आणखी पडला, तिने आणखी घेतल्या. बाप नको नको म्हणत होता. त्या वेळी त्याचे बरोबर होते, आणि म्हणूनच तिने ऐकले नाही.

आता आणखी एकदा ओलांडले की ओटा जाणार होता. बापाच्या हातून गेला असता तर लोकांनी हळहळ केली असती. पण बाईच्या हातून गेला, तर या बाजारात पुन्हा कुठल्या बाईचा हात उपरण्याखाली जाणार नाही, हे तिला ठाऊक होते. एका संध्याकाळी पार उठल्यावर तिने बोधिसत्त्वाला वाटेत गाठले आणि सरळ विचारले, "सोमकदादा, भाव कुठे जाणार हे तुम्हाला कळतं कसं?"

"कळत नाही," तो म्हणाला.

"मग तुमचा माल कधी ओलांडत कसा नाही?"

बोधिसत्त्वाने तिला सांगितले की तो रोज पहाटे खाडीच्या तोंडाशी जाऊन शिडे मोजतो. दुपारचे दिवस गेले, हे त्याला महिनाभर मोजल्यावर पटले. त्याने ते तीनदा पारावर सांगितलेही, पण वडीलधाऱ्यांनी विषय बदलला. आता तो सूर्य डोक्यावर यायच्या आत सगळे विकतो आणि त्यानंतर काही घेत नाही. हा नियमही एक दिवस जुना होईल, तेव्हा तो बदलेल.

"पण कधी बदलायचा ते ठरलेलं आहे," तो म्हणाला. "संध्याकाळी, हात रिकामा असताना. उपरण्याखाली हात गेल्यावर नाही. तिथे जे सुचतं ते बुद्धीला सुचत नाही, भीतीला सुचतं."

इसिलेने तोच नियम उचलला. बापाला तिने विचारले नाही, कळवले. तो तोंड फिरवून बसला. पहिल्या दिवशी थोडा तोटा झाला, पुढचे दोन दिवस थोडी कमाई. पारावर तिने आवाज चढवून सांगितले, "ठरवल्याप्रमाणे वागले," आणि हसणाऱ्यांकडे रोखून पाहिले.

चौथ्या दिवशी तिने सूर्य डोक्यावर यायच्या आत सगळे विकले. आणि त्याच दुपारी, हंगामात पहिल्यांदाच, वाट चुकलेली तीन गलबते खाडीत शिरली. भाव दीडपट झाला. वसुभूतीने दम धरला होता, त्याने रग्गड कमावले. पारावर तो म्हणाला, "भूतपाला, तुझी विद्या तुझं घर सोडून सगळ्या बाजाराला कळते." सगळा पार हसला. घरी जाताना भूतपाल वाटभर गुणगुणत होता. इसिलेला ते गुणगुणणे काट्यासारखे टोचत राहिले.

पाचव्या दिवशी सकाळी तिने रोजच्या तिप्पट गोण्या घेतल्या. सूर्य डोक्यावर आला तेव्हा घाटावर एकच गलबत उरले होते आणि ते गोणीला सात नाणी देत होते. सकाळची खरेदी नऊची होती. सातने विकले असते तर तोटा झाला असता, पण हात मोकळा झाला असता. तिच्या मनात कालची तीन शिडे होती. तिने हात आखडला. शेवटच्या गलबताने नांगर उचलला, आणि मग खाडीच्या तोंडाकडून दिवसभर नुसता वारा आला.

ऊन कलू लागले तसे तिला बसवेना. ती ओट्यावरून उतरे, घाटापर्यंत जाई, परत येई. बाप हलक्या आवाजात म्हणत राहिला, "येईल, एखादं येईल." शेवटी वसुभूती आला. कोठारवाल्यांशी त्याचे संधान होते, त्यामुळे तो कधीही घेऊ शके. त्याने उपरण्याखाली हात घातला आणि तिची दोनच बोटे दाबली. सातच्या मालाला दोन. वर त्याचा चेहरा हसरा होता. इसिलेने उपरणे हिसडून त्याच्या अंगावर फेकले.

तिथे ती चुकली. राग येणे वेगळे, पण चालू सौद्यात उपरणे हिसडणाऱ्याच्या मालाला त्या दिवशी कोणी हात लावत नसे, असा रिवाज होता. बाजारातल्या साऱ्यांनी ते पाहिले आणि एकेकाने आपले उपरणे घडी करून खांद्यावर टाकले.

सूर्य झाडांच्या शेंड्यांवर टेकला असताना बोधिसत्त्व तिच्या ओट्याशी आला. त्याचा हात सकाळीच मोकळा झाला होता. त्याने आपले उपरणे पसरले. इसिलेने हात घातला. तिने स्वतःहूनच तीन बोटे दाबली. त्या भावाने तो साऱ्या गोण्या घेऊ शकला असता, तिने देऊन टाकल्या असत्या. बोधिसत्त्वाने तिची बोटे एकेक करून सरळ केली, क्षणभर तसाच हात धरून ठेवला, आणि आधी पाच, मग दोन अशी सात दाबली. शेवटच्या गलबताने दिलेला भाव. मग तो माल आपल्या ओट्यावर पोचवून पारावर जाऊन बसला.

आपली पाळी आल्यावर तो म्हणाला, "आज ठरवल्याविरुद्ध वागलो. कललेल्या उन्हात माल घेतला. माझा माल ओलांडला."

वसुभूती याचीच वाट पाहत होता. तो सावकाश म्हणाला की उपरणे हिसडलेल्या, घाबरलेल्या पोरीकडून सूर्य बुडताना माल घेणे, हा व्यापार नव्हे, लचका तोडणे आहे. असल्या माणसाला या बाजारात ठेवत नाहीत. सोमकाने मातीमोल भावाने लुटले नसेल, तर तसे कळू द्यावे. काय भाव दिला?

भाव उघड करणे बोधिसत्त्वाच्या अधिकारात नव्हते. साऱ्या माना इसिलेकडे वळल्या.

तिच्या लक्षात सगळे एकाच क्षणी आले. ती गप्प राहिली तर ओटा तिचा राहील आणि सोमक बाजारातून जाईल. ती बोलली तर वसुभूती म्हणेल, गिऱ्हाईक नसताना पुरा भाव मिळतो त्याला विक्री म्हणत नाहीत, भीक म्हणतात. भीक म्हणजे सौदा रद्द, माल पुन्हा तिचा, आणि तिसरे ओलांडणे तिच्या नावावर. शेजारून बापाचा डावा हात तिच्या पदराला लागला. "गप्प बस, बाळे," तो पुटपुटला. "मोठ्यांना त्यांचं बघू दे."

आयुष्यभर तिने हेच ऐकले होते. ती उठून उभी राहिली.

"सात दिले," ती म्हणाली. "मी तीन मागितले होते. आणि आज मी ठरवल्याविरुद्ध वागले. गाळामुळे नाही, बाबांमुळेही नाही. काल तुम्ही हसलात, ते मला झोंबलं, म्हणून."

वसुभूतीने जे म्हणायचे ते म्हटले. सौदा रद्द झाला. रिवाजाप्रमाणे त्याने तिचे उपरणे मागून घेतले आणि मधोमध फाडून दोन तुकडे तिच्या हाती दिले. ती रडली नाही.

तेव्हा भूतपाल डाव्या हाताचा आधार घेऊन उभा राहिला. तो पोरीच्या बाजूने भांडेल असे लोकांना वाटले. पण त्याने ओट्याबद्दल शब्द काढला नाही. "कार्तिकापासून मला दिसत होतं," तो म्हणाला, "की दुपारी गलबतं येत नाहीत. रोज दिसत होतं. पण ते कबूल केलं असतं तर माझी तीस वर्षं कुणाला सांगायची होती?" एवढे बोलून तो खाली बसला.

दुसऱ्या दिवशी ओलांडलेला माल कोठारवाल्यांनी पडत्या भावाने नेला. इसिलेचा ओटा रिकामा राहिला. ती बाजारात आली नाही. ती बापाला घेऊन पहाटे खाडीच्या तोंडाशी गेली, कारण घरी बसणे तिला जमणारे नव्हते. आठ दिवस ते दोघे नुसते पाहत आणि मोजत होते. बापाला दूरचे नीट दिसे, तिला जवळचे. गलबताचे पोट पाण्यात किती खोल आहे, त्यावरून ते रिकामे आले की भरलेले, हे त्याने तिला शिकवले. भरती घटकाभर पुढे सरकली आहे, हे तिने त्याला दाखवले. कधी कधी दोघे भांडत. मग एका सकाळी बोधिसत्त्व तिथे आला आणि त्याने तिला सांगितले की ती जे पाहते त्याची बाजाराला गरज आहे. त्या दिवसापासून तो तिच्याकडून बातमी घेई आणि तिला गोणीमागे वाटा देई. हंगाम संपता संपता निम्मा बाजार तिच्याकडे माणूस पाठवू लागला. भरतीची बातमी विकणारी ती त्या बंदरातली पहिली. पारावर तिला जागा नव्हती, पण तिथे आता कमाईच्या पुढे आणखी चौघेजण आपण कसे वागलो ते सांगू लागले होते. वसुभूतीने ते कधीच सांगितले नाही. पहिला हात टिकवण्यासाठी तो माल दाबून ठेवत राहिला; कोठारवाल्यांनीही तो घेईनासे केले, तेव्हा एका हंगामात त्याने स्वतःचाही ओटा घालवला.

शास्त्याने, म्हणजे बुद्धाने, ही पूर्वजन्माची कथा संपवून त्या लोकांची ओळख पटवून दिली: "तेव्हाचा वसुभूती तो आजचा देवदत्त. म्हातारपणी चूक कबूल करणारा भूतपाल म्हणजे उतारवयात संघात आलेला, सांगितलेले ऐकणारा राध. उभी राहून बोललेली इसिला म्हणजे वादात न डगमगणारी भिक्षुणी भद्रा कुंडलकेशा. आणि शिडे मोजणारा सोमक तो मीच होतो. भिक्षूंनो, नियम मोडणार नाही असा माणूस दुर्मिळ असतो. मोडला तेव्हा मोडला असे सर्वांसमोर म्हणणे, आणि ते म्हटल्याने आपले जाणार असले तरी म्हणणे, ही सत्याची पारमिता, म्हणजे परिपूर्णता, होय."