गाणे ऐकणारे जाते

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की गावाचे नावदेखील आता कुणाला आठवत नाही. त्या काळी डोंगराच्या कुशीत एक गाव होते. तिथे घरोघरी पहाटे जाती फिरत आणि जात्यावर बसलेल्या बायका गात.

लेकरांनो, हे गाणे देवाला ऐकवायचे नसे आणि शेजारणीलाही नाही. ते जात्याला सांगायचे असे. सासू टोचून बोलली, माहेरची आठवण आली, उरात काही खुपत राहिले, की बाई ते चारचौघांत बोलत नसे. पहाटे दाण्यांबरोबर जात्यात घालत असे. जात्याशी खोटे बोलायचे नाही, अशी त्या गावची रीत होती. पोरगी जात्याचा खुंटा धरायला लागली की आई तिला आधी हेच शिकवी. दगड ऐकतो आणि गप्प बसतो, म्हणून तर मन हलके होते.

त्या गावात भिवरा नावाची एक विधवा राहत असे. घरी दात पडलेली म्हातारी सासू. एकच लेक, चिमा, ती घाटाखाली दिलेली. भिवराचे जाते तिच्या आजेसासूच्या वेळचे होते. त्याच्या काठाचा एक टवका उडालेला होता. दळण जाड पडू लागले की भिवरा स्वतः वरची तळी उचलून जाते उकलायची आणि गुळगुळीत झालेल्या दगडाला पाथरवटाकडून छिन्नीची टाकी लावून घ्यायची. कष्टाचे होते, पण तिचे होते.

एके दिवशी गावात बैलगाड्यांची रांग आली. सातासमुद्रापलीकडच्या कुणा शेठचा गुमास्ता पुढे होता. अंगावर पांढरेशुभ्र कपडे, बोलणे साखरेत घोळलेले.

"आयाबहिणींनो, हात किती भरून येतात तुमचे!" तो म्हणाला. "आमच्या शेठना पाहवत नाही. हे नवे जाते घ्या. याला ओढावे लागत नाही. तुम्ही नुसते गा, हे आपले आपण फिरते."

भिवराची शेजारीण तुळसा पुढे झाली. तिने दोन शब्द गाऊन पाहिले आणि जाते गरगर फिरू लागले. पीठ पडले ते पिठीसाखरेसारखे.

"अगं बाई! आणि द्यायचे काय याचे?"

"काही नाही. फुकट. फक्त तुमचे जुने जाते आम्हाला द्या."

भिवराने नवे जाते चाचपून पाहिले. वरची आणि खालची तळी एकमेकींत ओतल्यासारखी जुळलेली. फट नाही, खीळ नाही.

"हे उकलायचं कुठून, दादा? टाकी कशी लावायची?"

गुमास्ता हसला. "बाई, हे उकलायचे नसते. उकलले की कायमचे बंद पडते. काही बिघडले तर आम्ही आहोतच की."

मग त्याने परक्या भाषेत लांबलचक काहीतरी झरझर म्हटले. श्वास घ्यायलाही तो थांबला नाही. शेवटी म्हणाला, "हो म्हणा." काय म्हटले ते कुणी विचारले नाही. पीठ दिसत होते ना! सगळ्या गावाने हो म्हटले. भिवराही म्हणाली. तिला हसू नका. तुम्ही-आम्ही तिथे असतो तर आपणही हेच केले असते.

पुढचे दिवस सुखाचे गेले. हातांचे घट्टे गेले. टाकी लावायला कुणी बोलावीना, म्हणून पाथरवट बिऱ्हाड उचलून दुसऱ्या मुलखात निघून गेला. दर बाजाराच्या दिवशी गुमास्ता घरोघरी येई, जात्याला कान लावून जरा वेळ बसे आणि मान हलवून उठे. दगड चिरला तर नाही ना ते पाहतो, असे बायकांना वाटे. कोण एवढी काळजी घेतो, म्हणून त्या त्याला ताक देत.

एकदा भिवराने जात्यावर आपला गुडघा दुखतो असे गायले. पुढच्या बाजाराला एक फेरीवाला थेट तिच्या दारी आला आणि म्हणाला, "गुडघ्याचे तेल आणले आहे, बाई." तुळसाने लुगडे विरल्याचे गायले, तर तिच्या दारी लुगडीवाला.

"देवच ऐकतोय बघ," तुळसा म्हणाली. भिवरालाही ते पटले.

अशातच एका संध्याकाळी चिमा माहेरी आली. आली कसली, पळून आली. पाठीवर वळ होते, एक डोळा सुजून मिटलेला होता. नवरा आणि दीर तिला शोधत होते. सापडली तर जिवंत सोडणार नव्हते.

भिवराने लेकीला माळ्यावर गवताच्या पेंढ्यांमागे लपवले. सासूने तोंडावर बोट ठेवले. तुळसालासुद्धा काही कळू दिले नाही. आपण तिला जगवू, एवढेच भिवराच्या मनात होते. उन्हाळा सरला की पलीकडच्या मुलखात मावशीकडे पोचवायचे, असे मायलेकींनी ठरवले.

पण एवढी भीती पोटात घेऊन माणूस किती दिवस राहणार? पहाटे भिवरा जात्यावर बसली आणि जन्मभराच्या सवयीने तिच्या तोंडून निघून गेले:

"माळ्यावरच्या गवतात माझं पाडस लपलं,
जात्या, कुणा सांगू नको, तुझ्यापाशी मी जपलं."

गाऊन तिचे मन हलके झाले. खूप दिवसांनी तिला झोप लागली.

बाजाराचा दिवस आला. गुमास्ता आला, जात्याला कान लावून बसला, मान हलवून उठला. ताक पिऊन गेला.

आणि मग चिमाचा नवरा आणि दीर आले. त्यांनी अंगण पाहिले नाही, गोठा पाहिला नाही, कुणाला काही विचारलेही नाही. सरळ शिडी लावून माळ्यावर चढले आणि पेंढ्या बाजूला केल्या. भिवराने त्यांचे पाय धरले. चिमा ओरडत होती, "आई, तू कुणाला सांगितलंस?" तिला ओढत नेले, तरी ती तेच विचारत राहिली.

ते शब्द भिवराच्या काळजात रुतले. कुणाला सांगितले होते तिने? कुणालाच नाही. आणि मग तिची नजर जात्याकडे गेली.

ती तशीच गावाबाहेर शेठच्या कोठारावर गेली. गुमास्ता गादीवर बसला होता.

"तुम्ही सांगितलंत," ती म्हणाली. "माझ्या लेकीचा ठावठिकाणा तुम्ही सांगितलात."

"आम्ही कुणाला काही सांगत नाही, बाई," तो शांतपणे म्हणाला. "ज्याला हवे असते, तो विकत घेतो."

"माझं होतं ते! माझ्या घरातलं!"

"तुम्ही हो म्हटले होते की. सगळ्यांसमोर."

"मला नको तुमचं जातं. माझं मला परत द्या."

गुमास्त्याने बाहेर बोट दाखवले. भिवराने वळून पाहिले. कोठाराच्या पायऱ्या गावच्या जुन्या जात्यांच्या केल्या होत्या. दुसऱ्या पायरीत टवका उडालेली एक तळी होती. ज्या जात्याला तिने कधी चुकूनही पाय लावला नव्हता, त्याच्यावर आत्ताच पाय देऊन ती वर आली होती.

घरी येऊन तिने पहार घेतली आणि जात्यावर घातली. जात्यावर साधा ओरखडाही उठला नाही. मुकाट्याने ओढून पाहिले, तर जागचे हलेना. गाणे थांबले की ते थांबे. मग तिने जात्याला हात लावणेच सोडले आणि उखळात धान्य कांडू लागली. पण त्या भरड कण्या सासूला गिळवेनात. म्हातारी दिवसेंदिवस वाळत चालली. पाथरवट तर केव्हाच गेला होता. नवे जाते घडवणारे त्या मुलखात कुणी उरले नव्हते.

भिवरा तुळसाकडे गेली. "सगळ्याजणी मिळून ही जाती नदीत टाकू. पुन्हा दगड आणू, शिकू."

तुळसाने आपले मऊ झालेले तळवे पाहिले. "तुझं दुःख कळतं गं मला. पण माझ्या घरात लपवण्यासारखं आहे काय? ऐकंना का बापडं."

घरोघरी तिला हेच ऐकायला मिळाले. शेवटी सासूसाठी भिवरा पुन्हा त्याच जात्यापुढे बसली. मनातले एक अक्षरही यायचे नाही, असे कोरडे गाणे तिने जुळवले: ऊन चांगले पडते, पीठ चांगले पडते, शेठचे भले होवो. जाते फिरले. जात्याशी ती पहिल्यांदाच खोटे बोलली होती. हळूहळू तिने घरातही बोलणे सोडले, कारण जाते स्वयंपाकघरात होते आणि कान कुठवर पोचतात हे तिला कुणी सांगितले नव्हते.

एके दिवशी तिन्हीसांजेला मागच्या दारावर थाप पडली.

"आई, मी आलेय. पुन्हा सुटले. दार उघड ना."

भिवरा धावली. कडीला हात घातला आणि थिजली. पाठीमागे जाते होते. उद्याच बाजाराचा दिवस. या वेळी सापडली तर ते तिला जिवंत ठेवणार नाहीत.

तिने शेतावरच्या खोपीचा विचार केला. चिमा लहानपणी रुसली की तिथेच जाऊन बसायची. आताही तिला ते सुचेल, आपण मागून भाकरी घेऊन जाऊ, असे तिने मनाशी धरले. मग जात्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ती म्हणाली, "कोण गं तू? माझी लेक सासरी सुखात आहे. जा इथून."

आणि दाराच्या आतून तिने हाताने खुणा केल्या: खोपीकडे जा, मी येते. बंद दारातून त्या कुणाला दिसणार होत्या?

बाहेरची पावले लांब गेली.

पदराखाली भाकरी घेऊन भिवरा खोपीवर गेली. खोप रिकामी होती. उजाडेपर्यंत ती तिथे बसून राहिली. चिमा आली नाही. ती सासरीही पोचली नाही आणि मावशीकडेही नाही. त्या मुलखात तिला पुन्हा कुणी पाहिले नाही.

सकाळी सासूला पेज हवी होती. भिवरा जात्यावर बसली. ऊन चांगले पडते, ती गायली. पीठ चांगले पडते. नेमके तेच शब्द, एकही जास्त नाही. फक्त मध्ये एकदा तिचा आवाज फुटला.

दिवस बाजाराचाच होता. गुमास्ता आला आणि जात्याला कान लावून गेला. त्याच्यामागोमाग एक फेरीवाला आला. तो गावात कुठेही थांबला नाही. थेट भिवराच्या दारी आला, टोपली उतरवली आणि गोड आवाजात म्हणाला, "पोटचे लेकरू गेल्याच्या दुःखावर काढा आणला आहे, बाई."

तात्पर्य : जे उघडून पाहता येत नाही आणि गप्प करता येत नाही, ते घरात घेऊ नये, घेतले तर घर आपले राहत नाही.